बाबांची स्कूटर आणि वाघबिळाचा उतार

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी भाचा दारात उभा राहिला आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आतच म्हणाला, ‘‘मामा, आजोबांची स्कूटर बाहेर काढूया.’’

परसातल्या खोलीत गेली पंचवीस वर्षं ती स्कूटर उभी आहे. तिच्यावर आधी एक जुनी सतरंजी आली, सतरंजीवर रद्दीचे गठ्ठे आले आणि गठ्ठ्यांवर मांजरीनं दोनदा पिल्लं घातली. घर रंगवताना दर वेळी ‘हिला आता भंगारात देऊन टाकू’ असा ठराव होतो आणि दर वेळी तो बारगळतो. आमच्या बाबांनी १९७१ साली ही स्कूटर घेतली. घेतली म्हणजे ती मिळाली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि एके दिवशी पत्र आलं की घरात पेढे वाटायचे, असा तो काळ होता. मुलाच्या जन्माची वाट नऊ महिने, आणि स्कूटरची आठ-नऊ वर्षं.

इथल्या काही हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांची फेरी काढायचं ठरवलंय. कोल्हापूरहून निघून शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि वर पन्हाळा. भाच्याला त्यात आजोबांची स्कूटर न्यायची आहे. कल्पना सुरेख होती. अडचण एकच. भाचा ज्या बाईचा मुलगा आहे, त्या बाईच्या हनुवटीखाली एक पांढरट व्रण आहे, आणि तो व्रण याच स्कूटरनं, याच वाघबिळाच्या उतारावर दिलेला आहे. ती माझी धाकटी बहीण.

पण त्या गोष्टीकडे जरा वेळानं येतो. आधी गाड्यांविषयी थोडं बोलू द्या, कारण कोल्हापूरकराला गाडीचा विषय निघाल्यावर गप्प बसवत नाही.

आमच्या गावाला वाहनांचा नाद पिढीजात आहे. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला जमलेल्या माणसांपैकी निम्मी तरी छत्रपती घराण्याची ती मेबॅक मोटार बघायला आलेली असतात. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकातली ही जर्मन गाडी आजही त्या दिवशी बाहेर पडते. तिची ती लांबलचक नाकाडी आणि भगवा रंग बघून म्हातारी माणसंसुद्धा नातवाला खांद्यावर घेतात. पण राजाची गाडी ही बघायची गाडी. चालत्या, किंवा चालवायच्या खटाटोपातल्या, गाड्या बघायच्या तर उद्यमनगरात जावं. दुसऱ्याच्या यंत्राकडे बघून ‘हे आपल्याला का जमू नये’ असं वाटणं हा इथला जुना रोग आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतःच्या हातानं जुळवला, तो याच रोगापायी.

या रोगाचा सर्वांत मोठा मानकरी मात्र कोल्हापुरात नव्हे, तीसेक किलोमीटरवर इचलकरंजीत होऊन गेला. शंकरराव कुलकर्णी हे त्यांचं नाव, आणि त्यांच्या मोटारीचं नाव ‘मीरा’. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती आधी हसतात आणि मग मोबाइलवर फोटो शोधू लागतात. फोटो सापडतो तेव्हा हसणं थांबतं.

शंकररावांचं शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंतचं. १९४५च्या सुमारास त्यांच्या डोक्यात आलं की सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार इथं व्हायला हवी. १९४९ साली त्यांनी दोन माणसांची पहिली गाडी तयार केली. तेव्हा देश स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि इचलकरंजी म्हणजे मागांचा खडखडाट. पुढची पंचवीसेक वर्षं हा गृहस्थ एकामागून एक नमुने करत राहिला. इंजिन पाठीमागे ठेवलं. पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेन्शन बसवलं, त्यामुळे सुटे भाग कमी झाले आणि खर्चही कमी झाला. रबरावर गाडी तोलायची ही कल्पना इंग्लंडमधल्या सुप्रसिद्ध ‘मिनी’तही होती, आणि ‘मिनी’ रस्त्यावर आली १९५९ साली, एका बड्या कारखान्याच्या पाठबळावर. इकडे हा एकटा माणूस. १९७०च्या दशकात ‘मीरा’ची किंमत बारा हजार रुपये राहील असा त्यांचा हिशेब होता.

गाडी चालली. लोकांनी पाहिली, वर्तमानपत्रांनी लिहिलं. पण ती कारखान्यात बनवायचा परवाना काही मिळाला नाही. तो काळच परवान्यांचा होता. कागद दिल्लीला जायचा आणि दिल्लीतच म्हातारा व्हायचा. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या छोट्या मोटारीचा प्रश्न जपानच्या मदतीनं सुटला. ‘मीरा’ ही आमच्या जिल्ह्याची हळहळ होऊन राहिली. दोन म्हातारे एकत्र बसले आणि पाऊस पडत असला की ती हळहळ अजून निघते.

मीही ती अनेकदा काढली आहे. पण भाच्याच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच मनात एक वेगळा प्रश्न आला. समजा परवाना मिळाला असता आणि ‘मीरा’ घरोघरी झाली असती, तर त्या छोट्याशा डब्यात बसलेल्या चार जणांना समोरून ट्रक आला असता तेव्हा काय वाचवणार होतं?

हा प्रश्न एकट्या ‘मीरा’चा नाही. छोट्या गाड्यांच्या साऱ्या जमातीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पेट्रोल महाग आणि माणसं कफल्लक, तेव्हा तिथं अशा बुडबुड्यासारख्या गाड्यांचं पीक आलं होतं. इसेटा नावाच्या गाडीला एकच दार होतं, आणि तेही पुढं! फ्रिजचं दार उघडावं तसं गाडीचं नाकच उघडायचं आणि त्याबरोबर स्टिअरिंगही बाजूला सरायचं. आता ही गाडी भिंतीवर आदळली आणि दार अडकलं तर आतल्या माणसानं निघायचं कुठून? त्यासाठी छत कापडी ठेवलं होतं. मेसरश्मिट ही विमानं करणारी जर्मन कंपनी. युद्ध हरल्यावर विमानं बनवायला बंदी, म्हणून तिच्या कारखान्यात तीन चाकांची, विमानासारखं काचेचं झाकण असलेली गाडी होऊ लागली. माणसं एकामागे एक बसायची. तिला मागं जायचा वेगळा गिअर नव्हता. इंजिन बंद करून उलट दिशेनं सुरू करायचं, की चारही गिअर मागं जायला मोकळे. मागं ताशी चाळीसनं जाऊ शकणाऱ्या गाडीची कल्पना करून बघा.

या गाड्या करणारी माणसं मूर्ख नव्हती. सुरक्षिततेचा विचारच तेव्हा मोटारीत शिरला नव्हता. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, आज आपण लावतो तो पट्टा निल्स बोहलिन या स्वीडिश इंजिनिअरनं व्होल्वोसाठी तयार केला तो १९५९ साली. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ गाडी चांगली म्हणजे ती सुरू होते, चढ चढते आणि पेट्रोल कमी पिते. थांबते कशी, आणि आदळल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, हे कुणी विचारत नसे. आम्हीही विचारलं नाही.

आणि तरी ‘मीरा’च्या बाजूनं बोलायला हवं. कारण तिची तुलना मेबॅकशी करायची नसते, ती आमच्या बाबांच्या स्कूटरशी करायची असते. रतन टाटांनी नॅनोची कल्पना कुठून आली ते सांगितलं होतं. पावसात स्कूटरवरून जाणारं एक कुटुंब. बाप चालवतोय, पुढं एक मूल उभं, मागं बायको आणि तिच्या मांडीत दुसरं मूल. या चौघांना चार चाकं आणि डोक्यावर छप्पर द्यायचं. गाडी २००९मध्ये विक्रीला आली. मग जानेवारी २०१४मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनं भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळवून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या बचावासाठी शून्य तारे मिळाले, त्यात नॅनो होती. २०१८मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आता ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ सुरू झालं आहे आणि लोक शोरूममध्ये जाऊन तारे विचारतात. चांगलंच आहे. पण शून्य तारेवाली गाडी आणि शून्य तारेसुद्धा नसलेली स्कूटर यांत त्या चौघांनी काय निवडावं, याचं उत्तर माझ्याकडे त्या रविवारीही नव्हतं.

ते कुटुंब आम्हीच होतो. फक्त आई त्या दिवशी घरी होती.

१९७९चा मे महिना. मी बारा वर्षांचा, बहीण सात वर्षांची. बाबांनी आम्हाला पन्हाळ्याला नेलं होतं. मी मागच्या सीटवर, बहीण पुढं फूटबोर्डवर हँडलला धरून उभी. तेव्हा सगळ्यांचीच मुलं तशी उभी राहत. पुढं उभं राहणं हा धाकट्याचा हक्क असे. हेल्मेट ही वस्तू मी तोपर्यंत फक्त सिनेमात पाहिली होती.

परतताना दिवस मावळला. उतार लागला तसं बाबांनी गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन बंद केलं. त्या वर्षी पेट्रोलचे भाव भडकले होते, आणि उतारावर इंजिन बंद ठेवणं हे काटकसरीच्या घरात सद्गुणात मोडायचं. जुन्या स्कूटरची एक खोड आहे. तिच्या दिव्याला वीज थेट फिरत्या इंजिनाकडून मिळते. इंजिन जोरात तर दिवा जोरात, इंजिन मंद तर दिवा मिणमिणता, इंजिन बंद तर अंधार. आम्ही अंधारात, आवाज न करता, मजेत उतरत होतो. बहीण गाणं म्हणत होती.

वाघबिळाच्या अलीकडच्या वळणावर कडब्यानं भरलेली बैलगाडी होती. तिला कंदील नव्हता, आम्हाला दिवा नव्हता. बाबांनी पायाचा ब्रेक दाबला आणि मला ‘टक्’ असा आवाज ऐकू आला. ब्रेकची वायर तुटली होती. पुढचा ब्रेक त्यांनी दाबला तो खडीवर. स्कूटर आडवी झाली. मी कडेच्या गवतात पडलो, मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बहिणीची हनुवटी हँडलवर आपटली. पाच टाके, दोन दात आणि डावं मनगट. बैलगाडीवाल्या माणसानं आपलं मुंडासं सोडून तिच्या हनुवटीला बांधलं. त्याचा चेहरा मला आठवत नाही, मुंडाशाचा लाल रंग आठवतो.

त्या वायरीचे तीन-चार धागे आधीच तुटलेले आहेत, हे बाबांना ठाऊक होतं. मिस्त्रीनं पंधरा दिवसांपूर्वी दाखवलं होतं. ‘पगार झाला की बदलू,’ बाबा म्हणाले होते. हे त्यांनी मला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, दवाखान्यात, आपणहून. दोष गाडीचा नव्हता. त्यांनी त्यानंतर कधी उतारावर इंजिन बंद केलं नाही, आणि आम्हां दोघांपैकी कुणालाही पुढं उभं केलं नाही. स्कूटर मात्र ते पुढं वीस वर्षं चालवत राहिले, कारण दुसरं वाहन नव्हतं.

तर ही ती स्कूटर. भाच्याला अपघात झाला होता हे माहीत होतं, कसा झाला ते माहीत नव्हतं. बहिणीला फोन केला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दादा, आधी मिस्त्रीला दाखव. मग बघू.’’

उद्यमनगरातला आमचा मिस्त्री सत्तरीचा आहे. त्यानं सतरंजी काढली, स्कूटरभोवती एक फेरी मारली, किक दाबून पाहिली आणि म्हणाला, ‘‘साहेब, इंजिन काय, दोन दिसात चालू करून देतो. पर थांबवायचं कसं ते आदी ठरवा.’’

मला वाटतं, जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी हे वाक्य गॅरेजात टांगावं. कारण सगळी हौस रंगावर आणि इंजिनावर खर्च होते. क्रोमची पट्टी कुठून कुठून शोधून आणतात, आणि ब्रेकचे लायनर मात्र ‘मूळचेच आहेत हो’ असं अभिमानानं सांगतात. पन्नास वर्षांचा लायनर म्हणजे कौलाचा तुकडा. तो ड्रमवर घासतो, धरत नाही.

मिस्त्रीनं एकेक गोष्ट दाखवली. टायरमध्ये नक्षी शाबूत होती, पण बाजूला नखानं खरवडलं तर भेगा पडत होत्या. रबर न वापरताही म्हातारं होतं. चाकं छोटी असल्यानं मोठ्या चाकाला जो खड्डा नुसता जाणवतो, तो इथं चाकाला गिळतो. या स्कूटरची रिम दोन ताटल्या नटांनी जोडलेली असते. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ते नट सोडले तर ताटली तोंडावर उडते. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरानं पान्हा उचलला तेव्हा म्हातारा असा काही ओरडला की पोरगं दोन पावलं मागं सरकलं.

पेट्रोलची रबरी नळी त्यानं हातात घेतली आणि ती चिकट मेणासारखी दबली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही. नळी भेगाळली की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकणार. इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची!

मग निघाला तो उताराचा विषय. मला इतकी वर्षं वाटत होतं की बाबांची चूक इंजिन बंद करण्यात होती, इंजिन चालू ठेवलं की झालं. मिस्त्रीनं मान हलवली. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. लांब उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण बंद केली तर चाकं इंजिनाला गरगर फिरवतात, पण पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. पिस्टन तापून आत पकडला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. त्या क्षणी क्लच दाबला तर वाचलात. म्हणून उतरताना मधूनमधून थोडी रेस द्यायची आणि दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची. भाचा ऐकत होता. तो आज जी मोटारसायकल चालवतो तिला एबीएस आहे. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. गाडीच त्याच्या वतीनं सगळं सांभाळते, आणि चूक झाली तर माफ करते. १९७१ची गाडी काहीच माफ करत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डिकीत बाबांचं सामान तसंच होतं. एक प्लग, सँडपेपरचा तुकडा, पान्हा आणि गुंडाळून ठेवलेली नवी क्लचवायर. मिस्त्री हसला. ‘‘सगळ्यांच्या डिकीत हीच असायची. क्लचवायर तुटली की गाडी जाग्याव उभी राहत्या, म्हणून माणूस दुसरी जवळ ठेवतो. ब्रेकवायर तुटली तर गाडी चालतच राहत्या. म्हणून ती कुणी ठेवत नव्हतं.’’

कायद्याचंही पाहिलं. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ही ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीची फी वीस हजार, फेरनोंदणीची पाच हजार. नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते, रोज कचेरीला नेता येत नाही. वीस हजार म्हणजे बाबांनी आख्ख्या स्कूटरला मोजले त्याहून कितीतरी अधिक. पण रोज वापरायची नाही, हा नियम मला पटला. मूळ रूपात राखायची या अटीचा अर्थ मूळच्या लायनरनिशी राखायची असा कुणी लावू नये, एवढंच.

हेल्मेटवरून भाच्याशी वाद झाला. त्याला फोटोत जुना काळ दिसायला हवा होता, म्हणजे डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर गॉगल. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची होती. हेल्मेटनं मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेलं आहे. हे आकडे मी त्याला ऐकवले. त्यानं ते ऐकून घेतले, जसे मामाचे आकडे ऐकून घेतात तसे.

स्कूटर तयार झाली त्या संध्याकाळी बहीण आली. लायनर नवे, टायर नवे, नळी नवी, चारही वायरी नव्या. मिस्त्रीनं एक जादा ब्रेकवायर डिकीत टाकली होती. ती स्कूटरजवळ गेली, तिनं सीटवर हात फिरवला नाही की काही नाही. खाली वाकली आणि ब्रेकचं पेडल हातानं तीन-चारदा दाबून पाहिलं. मग फूटबोर्डकडे बघत म्हणाली, ‘‘केवढीशी जागा आहे रे, दादा. मला मोठी आठवत होती.’’

रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो. भाचा चालवत होता आणि त्याची आई मागं बसली होती, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. मी माझ्या गाडीवरून पाठीमागे. चौपाटीपाशी भेळवाले थांबून बघत होते. एकानं ‘नाद खुळा!’ अशी आरोळी दिली. बहीण हसली. ते मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

परत आल्यावर तिनं निकाल दिला. फेरीला स्कूटर जाईल. पन्हाळ्यापर्यंत चढून जाईल, आपल्या चाकांवर. खाली येताना मात्र टेम्पोतून येईल. भाचा पुष्कळ कुरकुरला. चढावर तर इंजिनाची दमछाक होईल, उतरताना उलट मजा येईल, असं त्यानं समजावून पाहिलं. ती म्हणाली, ‘‘उतरताना मजाच येत होती. मी गाणं म्हणत होते.’’ यावर तो गप्प बसला.

टेम्पो ठरवला आहे. गादी आणि दोर मिस्त्री देणार आहे. टेम्पोचं भाडं मामानं द्यायचं, असं माझ्या गैरहजेरीत ठरलेलं दिसतं.